साक्षीदार कोठे उभा होता?
(बुद्धविहारातील वाचनमंडळापुढे एका वकिलाने दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपणांपैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. ज्या विहारात आपण प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याचे शील ग्रहण करतो, त्याच विहारात लढायांच्या पुस्तकांची शिफारस करण्यास एक वकील उभा राहतो, हे विसंगत दिसते खरे. या शंकेचे उत्तर मी आरंभीच देतो. ज्याने हिंसा न करण्याचे शील घेतले आहे, त्याला हिंसा म्हणजे प्रत्यक्षात काय असते हे ठाऊक असले पाहिजे. आणि ते त्याला पोवाड्यांतून कळणार नाही. दुसरे कारण असे की, आपल्या घराघरांत शिपाई होऊन गेले, पण शिपायाने लिहिलेले पुस्तक आपल्या घरात क्वचितच सापडेल. या दुसऱ्या कारणाची किंमत मी स्वतः मोजली आहे. ती हकिकत प्रथम सांगतो.

माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात सैन्यात होते. १९४२ साली ते गेले आणि १९४६ साली परतले. त्यांच्या निधनानंतर आजीला साहाय्य मिळावे म्हणून अर्ज करावयाचा होता. कचेरीने आजोबांचा नंबर आणि पलटणीचे नाव विचारले. घरातील पत्र्याची ट्रंक उघडली, तेव्हा सुटकेच्या कागदाच्या जागी वाळवीची माती होती. मी नुकतीच वकिलीची सनद घेतली होती. आजी म्हणाली, “तू वकील झालास ना? मग सांग, तुझा आजा कुठं लढला?” मला उत्तर देता आले नाही. ज्यांच्या मांडीवर मी वाढलो, त्यांच्या आयुष्यातील चार वर्षांविषयी मला एकच वाक्य ठाऊक होते. “पावसात बूट कुजले तरी चालतील, पाय कुजू द्यायचे नाहीत,” असे ते नेहमी म्हणत. तो पाऊस कोणत्या देशातला होता, हेही मी कधी विचारले नव्हते. अर्ज नामंजूर झाला. कचेरीचे कायद्याने चुकले असे मी म्हणू शकत नाही. पुरावा नव्हता, आणि तो वेळीच गोळा न करण्याचा दोष माझा होता.

त्या दिवसापासून मी युद्धाची पुस्तके वाचू लागलो. वाचता वाचता मला सवय लागली ती न्यायालयातलीच. साक्षीदार पिंजऱ्यात आला की आम्ही तीन गोष्टी पाहतो. घटना घडली तेव्हा हा कोठे उभा होता? याने अशी साक्ष देण्यात याचे हित काय? आणि याने आणलेला कागद अस्सल आहे की नक्कल? युद्धाचे कोणतेही पुस्तक हाती घ्याल तेव्हा हेच तीन प्रश्न विचारा. आज मी ज्या पुस्तकांची शिफारस करणार आहे, ती सगळी या उलटतपासणीत टिकतात असे नाही. परंतु प्रत्येकाची उलटतपासणी घेताना आपण काहीतरी शिकतो.

प्रारंभ आपणा सर्वांस परिचित असलेल्या स्थळापासून करू. भीमा नदीच्या काठी कोरेगाव येथे १ जानेवारी १८१८ रोजी लढाई झाली. तेथील जयस्तंभावर पडलेल्या शिपायांची नावे कोरलेली आहेत आणि त्यांत ‘नाक’ हा प्रत्यय असलेली २२ नावे आहेत. बाबासाहेब १९२७ साली १ जानेवारीला तेथे गेले, तेव्हापासून ते स्थळ आपल्या मनात घर करून आहे. आता या लढाईचे वर्णन जेम्स ग्रँट डफ यांच्या १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या इतिहासात वाचा. संपूर्ण ग्रंथ मोठा आहे; हे एकच प्रकरण वाचले तरी पुरे. त्यात लेफ्टनंट पॅटिन्सन नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्याचे शौर्य आहे. प्राणघातक जखम झाली असताही तो उठला आणि तोफ परत घेण्यासाठी धावला. त्याची उंची सहा फूट सात इंच होती, हेही तेथे नमूद आहे. ते शौर्य खरे होते, त्याविषयी वाद नाही. पण त्याच्यामागून धावलेल्या शिपायांपैकी एकाचीही उंची, वय, गाव किंवा शब्द आपल्या हाती लागत नाही. ग्रंथकार कंपनीच्या सेवेतला अधिकारी होता. त्याला जे दिसले ते त्याने लिहिले. शिपायांची नावे दगडावर आली, त्यांचा आवाज मात्र कागदावर आला नाही.

पुढे काय घडले ते आपण जाणता. १८९२-९३ च्या सुमारास महारांची सैन्यभरती बंद झाली. त्याविरुद्ध सैन्यातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली विनंतीअर्ज तयार केला. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठविला. पहिल्या महायुद्धात उभी केलेली महार पलटण युद्ध संपल्यावर मोडण्यात आली आणि १९४१ साली बेळगाव येथे महार रेजिमेंट नव्याने उभी राहिली. या इतिहासात एक गोष्ट माझ्यासारख्या वकिलाच्या ध्यानात येते. इतरांचे निवृत्त सेनानी आठवणी लिहीत होते, तेव्हा आपली माणसे अर्ज लिहीत होती. ज्याला आपला हक्क सिद्ध करण्यातच आयुष्य घालवावे लागते, त्याला आठवणी लिहिण्यास सवड कोठून मिळणार?

अशीच स्थिती असलेल्या दुसऱ्या एका समाजाची साक्ष मात्र लिहिली गेली, आणि म्हणून आजच्या यादीत मी तिला सर्वांत मानाचे स्थान देतो. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले. उत्तरेच्या सरकारने गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या लोकांच्या पलटणी उभ्या केल्या. त्यांपैकी अगदी आरंभीची एक दक्षिण कॅरोलायनात उभी राहिली. थॉमस वेंटवर्थ हिगिन्सन हा मॅसॅच्युसेट्सचा गोरा मनुष्य तिचा कर्नल होता. तो मूळचा धर्मोपदेशक व गुलामगिरीचा कट्टर विरोधक. त्याने १८७० साली ‘आर्मी लाइफ इन अ ब्लॅक रेजिमेंट’ हे पुस्तक लिहिले. छावणीतील रात्री, नदीतून केलेल्या चढाया आणि शिपायांनी शेकोटीभोवती म्हटलेली गाणी त्यात आहेत. पण आपण त्याचे परिशिष्ट चुकवू नये. ते पगाराविषयी आहे.

या शिपायांना गोऱ्या शिपायांइतका पगार देण्याचे वचन दिले होते. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर मिळत. १८६३ साली सरकारने सांगितले की, काळ्यांना १० डॉलरच मिळतील आणि त्यांतूनही कपड्यांचे तीन कापले जातील. म्हणजे हातात सात. हिगिन्सनने वृत्तपत्रांना व लोकप्रतिनिधींना पत्रांमागून पत्रे लिहिली. मॅसॅच्युसेट्सच्या काळ्या पलटणीने तर कमी पगार हाती घेण्यासच नकार दिला आणि दीड वर्षाच्या आसपास बिनपगारी लढून दाखविले. दक्षिण कॅरोलायनाच्याच दुसऱ्या एका पलटणीत विल्यम वॉकर नावाचा सार्जंट होता. सरकारने करार मोडला, तेव्हा आमच्यावरही तो बंधनकारक नाही, असे म्हणून त्याने आपल्या तुकडीसह कॅप्टनच्या तंबूपुढे बंदुका ठेवल्या. लष्करी न्यायालयाने १८६४ साली त्याला बंडाबद्दल गोळ्या घातल्या. त्याच वर्षी जून महिन्यात समान पगाराचा कायदा झाला, पण त्यातही एक मेख होती. युद्धाच्या आरंभी जे आधीच स्वतंत्र होते, त्यांनाच मागील थकबाकी मिळणार होती. जे तेव्हा गुलाम होते त्यांना नाही. ही मेख निघण्यास १८६५ चा मार्च महिना उजाडावा लागला. हा मजकूर वाचताना कायद्याचा विद्यार्थी म्हणून मी थांबलो. हक्क मान्य करताना त्यातच एक अट घालून तो अर्धा परत काढून घेणे, ही युक्ती आपल्या परिचयाची नाही काय?

हिगिन्सन चांगला साक्षीदार आहे. तरीही पहिला प्रश्न विचारा, तो कोठे उभा होता? तो घोड्यावर होता आणि गोरा होता. आपल्या शिपायांवर त्याचे प्रेम आहे, पण कधी कधी ते लेकरांकडे पाहावे तसे आहे. म्हणून त्याच्या पुस्तकाशेजारी त्याच पलटणीतील दुसरे पुस्तक ठेवा. सूझी किंग टेलर ही १८४८ साली जॉर्जियात गुलामगिरीत जन्मली. काळ्या मुलांना शिकविणे तेथे गुन्हा होता, तरी ती लपूनछपून वाचायला शिकली. पलटणीत तिला घेतले ते कपडे धुण्यासाठी. प्रत्यक्षात तिने जखमींची शुश्रूषा केली आणि शिपायांना अक्षरे शिकविली. चार वर्षांहून अधिक काळ केलेल्या या कामाचा तिला एक पैसाही मिळाला नाही. १९०२ साली तिने स्वतःच्या हाताने आठवणी लिहून प्रसिद्ध केल्या. पुस्तक लहान आहे, भाषा साधी आहे. माता-भगिनींनी ते अवश्य वाचावे किंवा इंग्रजी जाणणाऱ्या मुलांकडून मराठीत सांगवून घ्यावे. कर्नलला जे ठाऊक नव्हते ते धुणे धुणाऱ्या बाईला ठाऊक होते, आणि तिने ते लिहिले म्हणून आज आपल्याला ठाऊक आहे.

आपल्या देशातील शिपायाची साक्ष हवी असेल तर सुभेदार सीताराम पांडे यांचे ‘फ्रॉम सिपॉय टु सुभेदार’ हे पुस्तक आहे. सीताराम अवधचे ब्राह्मण होते आणि कंपनीच्या बंगाल फौजेत होते. पुस्तक नॉरगेट या इंग्रज अधिकाऱ्याने भाषांतर करून १८७३ साली प्रसिद्ध केले. जेम्स लंट यांची संपादित आवृत्ती १९७० साली निघाली. येथे तिसरा प्रश्न उभा राहतो. मूळ हस्तलिखित कोणाच्या हाती लागलेले नाही. हा दुय्यम पुरावा आहे आणि काही अभ्यासकांनी त्याच्या खरेपणाविषयी शंका घेतली आहे. ती शंका मनात ठेवूनच वाचा. तथापि त्यातील दोन प्रसंग विसरता येत नाहीत. अफगाण युद्धात सीताराम पकडले गेले आणि काबूलला गुलाम म्हणून विकले गेले. तेथून सुटून परत आले, तर स्वजातीयांनी त्यांना बाटलेला ठरविले. मालकासाठी रक्त सांडलेल्या माणसाला पैसे खर्चून पुन्हा जातीत यावे लागले. दुसरा प्रसंग १८५७ च्या बंडातला आहे. पकडलेल्या बंडखोरांना गोळ्या घालण्याच्या कामावर त्यांची नेमणूक होते आणि त्या कैद्यांत त्यांचा स्वतःचा मुलगा असतो. ज्या जातीने सर्वांवर वर्चस्व सांगितले, तिच्या माणसालाही जातीचा फास कसा आवळतो, हे पहिला प्रसंग सांगतो. दुसऱ्या प्रसंगावर मी भाष्य करणार नाही.

मराठीत याच काळाची एक अस्सल साक्ष आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे हे दक्षिणा मिळविण्याच्या आशेने १८५७ साली उत्तरेस निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरातच होते. ‘माझा प्रवास’ हे त्यांचे पुस्तक चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ साली प्रसिद्ध केले, पण त्यांनी त्यात फेरफार केले होते. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली काढली. अस्सल आणि नक्कल यांत काय अंतर असते, हे पाहावयाचे असेल तर या दोन आवृत्त्या शेजारी ठेवाव्यात. गोडसे भटजी लढवय्ये नव्हते. शहर पडल्यावर गल्लीगल्लीत झालेली कत्तल, दिवसेंदिवस चाललेली लूट, लपून बसलेल्या माणसाला लागलेली तहान, हे त्यांनी जीव मुठीत धरून पाहिले. युद्ध म्हणजे शहरातल्या निःशस्त्र माणसाला काय भोगावे लागते, हे मराठीत इतक्या सरळपणे सांगणारे पुस्तक मला दुसरे सापडले नाही. मात्र भटजींची नजर ज्या घरांत शिरते त्या घरांचीच हकिकत येथे आहे. वेशीबाहेरच्या वस्तीचे त्या आठवड्यात काय झाले असेल, हा प्रश्न वाचताना आपण स्वतः विचारावयाचा आहे.

आता सेनापतींकडे वळू. सेनापतींच्या आठवणी बहुधा कैफियतीसारख्या असतात. चूक नेहमी दुसऱ्याची असते. परंतु कायद्याचे एक साधे तत्त्व आहे की, मनुष्य स्वतःच्या हिताविरुद्ध जे कबूल करतो त्यास वजन असते. या कसोटीस उतरणारे पुस्तक म्हणजे फील्ड मार्शल विल्यम स्लिम यांचे ‘डिफीट इनटू व्हिक्टरी’. ते १९५६ साली प्रसिद्ध झाले. १९४२ साली ब्रह्मदेशातून माघार घ्यावी लागली आणि १९४५ साली तो देश परत जिंकला, त्याची ही हकिकत आहे. त्यांच्या चौदाव्या सैन्यातील बहुसंख्य शिपाई हिंदी होते. स्लिम आपला पराभव लपवीत नाहीत. कोहिमावर जपानी एखादी रेजिमेंट पाठवतील, असा त्यांचा अंदाज होता. १९४४ साली प्रत्यक्षात आली ती पुरी डिव्हिजन. हा अंदाज आपला चुकला, आणि त्याची किंमत पुढच्या फळीतील शिपायांनी मोजली, हे ते स्वच्छ लिहितात. विजयी सेनापतीने असे लिहिणे दुर्मिळ आहे.

दुर्मिळ म्हटले, पण आपल्याकडे याहून जुनी कबुली आहे आणि ती खडकावर आहे. सम्राट अशोकाचा तेरावा शिलालेख मी युद्धाच्या आठवणींतच धरतो. राज्याभिषेकास आठ वर्षे झाल्यावर आपण कलिंग जिंकला, दीड लाख माणसे तेथून नेण्यात आली, एक लाख मारली गेली आणि कित्येक पटींनी अधिक मेली, असे जिंकणारा राजा स्वतः सांगतो आणि त्याचे दुःख व्यक्त करतो. पराभूताने रडावे हे स्वाभाविक आहे. विजेत्याने स्वतःविरुद्ध आकडे द्यावेत, ही जगाच्या इतिहासातील अपूर्व साक्ष होय. आपल्या सोपाऱ्यालाही अशोकाच्या आठव्या व नवव्या लेखांचे तुकडे मिळाले आहेत. तथापि अशोक आपला म्हणून त्याची उलटतपासणी टाळू नका. खुद्द कलिंगात, धौली व जौगड येथे, जे लेख कोरले आहेत त्यांत हा तेरावा लेख नाही. ज्यांची माणसे मेली त्यांच्यापुढे ही कबुली ठेवलेली नाही. त्याचे कारण राज्यकारभारातील सावधगिरी असेल किंवा जखमेवर मीठ चोळू नये ही भावना असेल. वाचकाने विचार करावा. श्रद्धा आणि चिकित्सा एकाच मनात नांदू शकतात, हे तर भगवंतांनी कालामांना सांगितलेच आहे.

शेवटचे पुस्तक स्वेतलाना अलेक्सिएव्हिच यांचे. त्यांना २०१५ साली साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सैन्यात लाखो स्त्रिया होत्या. कोणी विमाने चालविली, कोणी रणगाडे, कोणी नेमबाजी केली, कोणी जखमींना पाठीवर घेऊन आणले. युद्ध संपले आणि त्यांच्यापैकी पुष्कळजणी गप्प झाल्या. लेखिकेने त्यांच्या घरी जाऊन, चहा घेत, तासन्‌तास ऐकून घेतले. ‘युद्धाचा चेहरा स्त्रीचा नसतो’ अशा अर्थाचे नाव असलेले ते पुस्तक १९८५ साली प्रसिद्ध झाले. त्यात एका बाईने सांगितले आहे की, मुलाखतीच्या आदल्या रात्री नवऱ्याने युद्धाच्या इतिहासाचे पुस्तक घेऊन तिच्याकडून तयारी करून घेतली. बायकी गोष्टी सांगू नकोस, अशी ताकीद दिली. साक्षीदार पढविणे म्हणतात ते हेच. लेखिकेला हव्या होत्या त्या नेमक्या नवऱ्याने वगळायला सांगितलेल्या गोष्टी. प्रौढांनी हे पुस्तक वाचावे. त्यातील काही वर्णने मुलांना झेपणार नाहीत.

वाचनाचा क्रम विचाराल तर मी असा सांगेन. आरंभ ‘माझा प्रवास’ने करा, कारण ते आपल्या भाषेत आहे. नंतर सूझी टेलर, मग हिगिन्सन. सीताराम आणि ग्रँट डफचे कोरेगावचे प्रकरण एकामागून एक वाचा. स्लिम यांचा ग्रंथ मोठा आहे, त्यास एक पावसाळा द्या. अशोकाचा लेख तर एका बैठकीत वाचून होतो, पण तो दरवर्षी वाचावा. महागड्या खरेदीची गरज नाही. मंडळाने एकेक प्रत घ्यावी आणि आळीपाळीने घरोघरी फिरवावी.

पण बंधुभगिनींनो, या यादीतील सर्वांत महत्त्वाचे पुस्तक अद्याप लिहिले गेलेले नाही. ते आपल्या घरात आहे. १९६५ च्या किंवा १९७१ च्या युद्धात गेलेले कोणी वडीलधारे आपल्या घरात असतील, तर एक वही घ्या आणि त्यांच्याजवळ बसा. शौर्य सांगा, असे म्हणू नका. माणूस संकोचतो किंवा फुशारकी मारतो. कोणत्या गावी भरती झालात, ट्रंकेत काय नेले, पंगतीत शेजारी कोण बसत असे, पहिला पगार किती व त्यातून घरी किती पाठविला, भीती केव्हा वाटली, बरोबरचा कोण परत आला नाही, हे विचारा. मग आजीलाही विचारा की, तो गेला तेव्हा घर कोणी चालविले, पत्र कोणाकडून वाचून घेतले. तिला कोणी पढवू नका. प्रत्येक पानावर तारीख, सांगणाऱ्याचे नाव व सही किंवा अंगठा घ्या. सुटकेचा कागद, पदके, मनीऑर्डरीची पावती यांच्या नकला करून दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवा.

आपल्या पुराव्याच्या कायद्यात एक नियम आहे. तीस वर्षांहून जुना दस्तऐवज योग्य ठिकाणाहून सादर झाला, तर त्यावरील सही व हस्ताक्षर खरे असल्याचे न्यायालय गृहीत धरू शकते. मजकूर खरा की खोटा हे निराळे ठरवावे लागते. परंतु कागदास उभे राहण्यास जागा मिळते. आज आपण लिहिलेली वही तीस वर्षांनी आपल्या नातवंडांच्या हाती अशीच उभी राहील.

माझी आजी आता नाही. तिच्या प्रश्नाचे उत्तर मी तिला देऊ शकलो नाही. आपल्या घरातील उत्तर देणारे माणूस अजून जिवंत असेल, तर दुसऱ्या पुस्तकाची वाट न पाहता आज सायंकाळीच वही घेऊन त्याच्याजवळ बसा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय भीम.